किरकोळ दुरुस्त्या

दर सोमवारी मी काहीतरी नवं उघडते.
मागच्या सोमवारी कामांची यादी ठेवणारं ॲप.
काम झालं की पडद्यावर रंगीत कागद उधळतं,
अक्षता टाकाव्यात तसे,
आणि बोहल्यावर कोण, तर "बँकेला फोन करणे".
त्याआधी एक संकेतस्थळ, नुसता पावसाचा आवाज ऐकवणारं.
शेफिल्डमध्ये!
इथे खिडकी उघडायला पैसे पडत नाहीत,
तरी मी महिन्याचे तीन पौंड भरले.

बॅगेला चौदा कप्पे.
किल्ली कुठल्या कप्प्यात आहे ते सांगणारं यंत्र
बहुधा पंधराव्यात.
खालच्या मजल्यावर क्लाईव्ह घडीचे चाकू करतो,
त्याच्या ॲप्रनला एकच खिसा, त्यात सँडविच.
त्यानं माझी बॅग हातात तोलली.
काय काय मावतं, हे नाही विचारलं.
"रिकामी असताना केवढी भरते?"

पोटासाठी मी बटणं आखते.
कोपऱ्याची गोलाई आठ की बारा, यावर
मंगळवारी दोन तास बैठक.
दहा ठरली.

मग निरोपांचं ते नवं ॲप आलं.
सुंदर. खरंच सुंदर, हेवा वाटावा असं.
पहिल्याच दिवशी बाबांना त्यावर आणलं, जालन्याला,
पाऊण तास फोनवर:
"हिरवं दाबा. नाही, ते दुसरं हिरवं."
आणि लिहिलं,
वॉकलीच्या माझ्या खिडकीतून दऱ्याच दऱ्या दिसतात.

उत्तर सकाळी.
"तुमच्या गावाला समुद्र आहे, हे कधी बोलली नाहीस."

मी पडद्याकडे नीट पाहिलं.
ल परक्या वळणाचा, श दुसऱ्याच गावचा,
ते सोसतो आपण, सगळेच सोसतात.
पण ऱ्य?
त्या टंकाला ती पापणीएवढी रेघ ठाऊकच नव्हती.
तिच्या जागी रफार उचलून डोक्यावर ठेवलेला,
आणि कुठल्याही किनाऱ्यापासून दोन तास लांब
माझ्या खिडकीखाली
दर्याच दर्या.

तक्रार लिहिली. चित्रं जोडली, बाण काढले.
फर्गस नावाच्या कुणाचं उत्तर:
"मस्त शोधलंत! प्राधान्य: कमी."

बाबांना मात्र सांगितलं नाही.
एक दिवस राहिलं, मग आठवडा.
वारा खारट लागतो का, त्यांनी विचारलं.
मासळी स्वस्त असेल.
निकाळजे काकांना सांगितलंय, पोरगी दर्याकिनारी असते.
त्या आठवड्यात त्यांच्या नळाला नवव्या दिवशी पाणी आलं होतं.
मी लिहिलं, हो.
ते एक अक्षर टंकानं अगदी बरोबर दाखवलं.

टंक मुक्त होता, कुणीही हात लावावा असा.
तीन रविवार मी ती रेघ आखत बसले, कुणी पैसे न देता.
किती झुकावी, यला कुठे टेकावी.
क्लाईव्ह चहा घेऊन वर आला, डोळे बारीक करून म्हणाला,
"कसलं पातं आहे ठाऊक नाही,
पण पोटात जास्त जाड झालंय."
खरंच झालं होतं.

एप्रिलमध्ये नवी आवृत्ती आली.
टिपेत एवढंच: किरकोळ दुरुस्त्या.
मागचे सगळे निरोप रातोरात आपोआप सुधारले,
कारण मी लिहिलेलं पहिल्यापासून बरोबरच होतं,
चूक फक्त दिसण्यात होती.
ते हो सोडून.

बाबा जुनं वाचत वर वर गेले असणार.
माझे रात्रीचे अकरा, त्यांचे पहाटेचे साडेतीन.
"समुद्र कुठे गेला गं?"

लिहिते. पुसते.
नवा कीबोर्ड चांगला आहे,
अजिबात वाजत नाही.